पाऊस थांबला तरी ‘नो सिग्नल’ जात नाही: जुन्या छत्रीचा एलएनबी बदलण्याआधी आणि बदलताना

मी डिशवाला नाही. नाशिकला सातपूरमध्ये कंपनीत मेंटेनन्सला आहे, राहायला सिडकोत. पण आमच्या गल्लीतल्या, पंचवटीत मावशीच्या वाड्यावरच्या आणि दिंडोरीकडे सासुरवाडीच्या मळ्यातल्या बहुतेक जुन्या छत्र्यांना, म्हणजे टीव्हीच्या डिशना, कधी ना कधी माझा हात लागलेला आहे. तक्रार ठरलेली असते: “नो सिग्नल येतंय, एलएनबी गेलाय वाटतं, नवीन घेऊन येतोस का?”

एलएनबी म्हणजे छत्रीच्या दांडीच्या टोकाला बसवलेलं, उपग्रहाचा सिग्नल घेऊन केबलमधून खाली पाठवणारं ते बोंड. खरं तर बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं. गेलेली असते केबलच्या टोकाला लावलेली, फिरवून बसवायची पाच-दहा रुपयांची पिन. म्हणून आधी लक्षणं नीट बघा. कुठली पट्टी हलते आणि कुठली हलत नाही, यावरून अर्धा निकाल खाली सोफ्यावर बसूनच लागतो.

लक्षणं

सेटटॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नलचं पान असतं. त्यावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. बहुतेक जण स्ट्रेंग्थ बघून खूश होतात, आणि फसतात तिथेच. एलएनबीला वीज मिळाली की तो स्वतःची खरखरसुद्धा वाढवून खाली पाठवतो आणि स्ट्रेंग्थची पट्टी भरते, मग छत्री आकाशाकडे बघत असो की शेजारच्या भिंतीकडे. उपग्रह खरोखर पकडला आहे की नाही, हे क्वालिटी सांगते.

दोन्ही पट्ट्या शून्यावर असतील तर वीज वर पोचत नाही किंवा सिग्नल खाली येत नाही. केबल, पिन किंवा एलएनबी, यातलं काहीतरी. बॉक्स ‘एलएनबी शॉर्ट’ किंवा ‘ओव्हरलोड’ दाखवत असेल तर पिनेच्या आत केबलच्या बाहेरच्या जाळीची एखादी तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकली असण्याची शक्यता मोठी.

स्ट्रेंग्थ चांगली आणि क्वालिटी शून्य असेल तर छत्री हलली आहे, समोर काहीतरी आलं आहे, नाहीतर एलएनबी आतून बिघडला आहे.

काही चॅनल लख्ख आणि काही पूर्ण गायब, हे लक्षण जरा समजून घ्यायला हवं. बॉक्स याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. १३ ला एलएनबी उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे उभ्या डोलणाऱ्या, लहरी घेतो, १८ ला आडव्या. शिवाय २२ किलोहर्ट्‌झचा एक सूर पाठवून बॉक्स त्याला वरच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात ढकलतो. ही अदलाबदल करणारा आतला भाग गेला की चॅनलचा एक अख्खा गठ्ठा जातो. छत्री कितीही फिरवली तरी तो परत येत नाही.

पावसाची जोरदार सर आली की चित्र जातं आणि सर ओसरली की येतं, हा बिघाड नाही. या लहरी साधारण १० ते १२ गिगाहर्ट्‌झच्या आहेत आणि पाण्याचे थेंब त्या खातात. इगतपुरी-त्र्यंबककडच्या मंडळींना हे सांगायची गरज नाही. पण पाऊस थांबून दोन तास झाले तरी चित्र नाही आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर आपोआप आलं, तर पाणी आत गेलं आहे. याच्या उलट, एप्रिल-मेच्या दुपारी चित्र जातं आणि रात्री येतं, ही मात्र एलएनबीचीच खूण. आतला ऑसिलेटर, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग, तापला की सरकतो, किंवा एखादं सोल्डर तडकलेलं असतं आणि उन्हात फाकतं.

आणखी एक गंमत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र फाटतं. त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या खरखरीत सिग्नल बुडून जातो. काहीही करू नका. चहा घ्या.

खाली बसून करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट फुकट आहे. बॉक्सचा प्लग भिंतीतून काढा आणि पाच मिनिटं थांबा. रिमोटने बंद करून चालत नाही. स्टँडबायमध्येसुद्धा काही बॉक्स केबलमध्ये वीज सोडत राहतात. पुढे जेव्हा जेव्हा पिन फिरवायची असेल, तेव्हाही आधी प्लग काढायचा. १३-१८ व्होल्टने माणसाला काही होत नाही, पण पिन काढता-लावताना शॉर्ट झालं तर बॉक्सचा ट्यूनर जातो, आणि मग दोनशे रुपयांचं काम हजारावर जातं.

पैसे भरून घेतलेली डिश असेल तर रिचार्ज संपलाय का ते बघा. हसू नका, दिंडोरीला मी एकदा एवढ्यासाठी गच्चीवर चढलो होतो. पैसे संपल्याचा संदेश वेगळा असतो, पण घाईत तो कोणी वाचत नाही.

मग बॉक्समधली एलएनबीची सेटिंग. डीडी फ्री डिशच्या बॉक्समध्ये मुलांनी मेनूत खेळून ती बदललेली मी दोनदा पाहिली. साधा केयू-बँडचा, म्हणजे लहान छत्रीवरचा, युनिव्हर्सल एलएनबी असेल तर तिथे ९७५०/१०६०० हवं. हे आकडे असे: वरून येणाऱ्या लहरींची फ्रिक्वेन्सी इतकी जास्त असते की त्या गच्चीपासून दिवाणखान्यापर्यंत केबलमध्येच मरतील. म्हणून एलएनबी त्यातून ९७५० किंवा १०६०० मेगाहर्ट्‌झ वजा करतो आणि उरलेलं, म्हणजे ९५० ते २१५० च्या दरम्यानचं, खाली पाठवतो. ११०९० चा सिग्नल १३४० होऊन येतो. कितीची वजाबाकी झाली हे बॉक्सला चुकीचं सांगितलं, तर तो भलत्याच जागी शोधत बसतो.

यानंतर बॉक्सच्या मागची पिन. प्लग काढून पिन सोडवा. मधली तांब्याची तार पिनेच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर बाहेर, सरळ आणि चकचकीत हवी. काळी किंवा हिरवी पडली असेल तर ते टोक कापा आणि नवी पिन बसवा. जाळीच्या तारा मागे दुमडून घ्या. एकही तार मधल्या तारेच्या जवळ राहता कामा नये.

केबल

गेल्या काही वर्षांत मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो केबलवर, आणि सर्वांत जास्त फायदाही तिथेच झाला.

मावशीच्या वाड्यात लागोपाठ दोन श्रावणांत टीव्ही बंद पडला. दोन्ही वेळा मेकॅनिक आला, नवा एलएनबी लावून पैसे घेऊन गेला. आठ-दहा दिवस चालायचं, पुन्हा पाऊस लागला की बंद. मी गेलो तेव्हा गच्चीपासून टीव्हीपर्यंत केबलवरून हात फिरवत आलो. कौलांच्या खाली, पन्हळीच्या अगदी शेजारी, केबलला मध्येच एक जॉइंट निघाला. वर काळी टेप गुंडाळलेली. टेप सोडली तर आतून पाण्याची धार. मधली तार गंजून केसासारखी झाली होती. कधीतरी केबल कमी पडली असेल, कोणीतरी दोन तुकडे जोडले असतील आणि नंतर ते सगळेच विसरले. पूर्ण लांबीची एकच आरजी-६ (डिशसाठी वापरतात ती) केबल टाकली. तेव्हापासून श्रावणात मला फोन नाही.

“म्हणजे ते दोन्ही एलएनबी चांगले होते?” मावशीने विचारलं.

“हो.”

“मग कुठे गेले ते?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर केबल हाताने चाचपत जा. मध्ये जॉइंट आहे का, खिळ्याने किंवा खिडकीच्या झडपेत चेपली आहे का, उंदरांनी कुरतडली आहे का. जाळी कितीही चांगली असली तरी एकदा पाणी शिरलं की ते केशिकांसारखं आत चढत जातं आणि बाहेरून काही दिसत नाही. टोकाचं वरचं आवरण सोलून बघा. जाळी काळी पडली असेल तर चकचकीत तार लागेपर्यंत कापत जा. दोन फूट कापूनही काळीच असेल तर ती केबल भंगारात द्या.

मल्टिमीटर असेल तर एक चाचणी सोनं आहे. एलएनबीकडची पिन सोडवा, खाली बॉक्स चालू करायला सांगा आणि मधली तार व बाहेरचं कवच यांच्यातले डीसी व्होल्ट मोजा. १३ किंवा १८ च्या आसपास आले तर केबल आणि बॉक्स वीज नीट पोचवत आहेत, संशय वरच्या बोंडावर. काहीच आलं नाही तर एलएनबी विकत घेऊ नका, तो बिचारा उपाशी आहे. मोजताना मीटरच्या दोन सुया एकमेकींना लावू नका आणि झाल्यावर बॉक्सचा प्लग काढूनच पिन परत फिरवा.

गच्चीवर

चढण्याआधी एकच नियम: छत्रीचे नट सोडायचे नाहीत. गंजले असतील, वाकडे वाटत असतील, तरी नाही. नाशिकहून डीडी फ्री डिशचा उपग्रह, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेचा जीसॅट-१५, आग्नेयेला आहे. सिडकोतून बघितलं तर साधारण सिन्नरच्या बाजूला, क्षितिजापासून ५७ अंशांवर, ३६ हजार किलोमीटर लांब. छत्री एक-दोन अंश हलली की तो हातातून गेला. एकदा नट सैल केले की मीटरशिवाय तो परत सापडेपर्यंत संध्याकाळ होते.

आधी बघायचं ते समोर काही आलंय का. इथे डोळा फसतो. आपल्या छत्र्या ऑफसेट असतात, म्हणजे त्या जिकडे तोंड करून उभ्या दिसतात त्यापेक्षा बऱ्याच वर बघत असतात. समोरचा आंबा आडवा येतोय असं वाटतं आणि तो आड नसतो. किंवा वर वाढलेली नारळाची झावळी लक्षातच येत नाही. माझा हिशोब असा: आग्नेयेला दहा फुटांवर झाड असेल तर ते छत्रीपेक्षा पंधरा फूट उंच जाईपर्यंत त्रास नाही, त्याच्या वर गेलं की कापायला माणूस बोलवा.

संक्रांतीनंतर मांजा बघा. दांडीत अडकलेला मांजा ओढून काढताना आमच्या शेजाऱ्यांच्या नातवाने अख्खी छत्री इंदिरानगरकडे फिरवली होती. मांजा कात्रीने कापा, ओढू नका. छत्रीच्या मागे गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर दिवसा हात घालू नका. कबुतरांची घाण आणि कोळ्यांची जाळी ओल्या फडक्याने पुसली की पुरे, त्याने फार फरक पडत नाही.

मग एलएनबी जवळून बघा. पुढच्या टोपीला, म्हणजे छत्रीकडे तोंड असलेल्या पातळ प्लास्टिकला, चीर गेली आहे का? आपल्याकडच्या उन्हाने सहा-सात वर्षांत ते बिस्किटासारखं ठिसूळ होतं. चीर असेल तर पाणी थेट आत जातं. हलवून बघा, आत खळखळ वाजलं तर पुढे तपासायची गरज नाही. खालची पिन सोडून बघा, हिरवट पूड पडली तर आत ओल आहे.

थोडीशी क्वालिटी येत असेल तर एक साधी चाचणी करा. खाली कोणाला तरी पट्टी बघायला बसवा आणि एलएनबीच्या टोपीसमोर तळहात धरा. क्वालिटी लगेच पडली तर निदान छत्री योग्य दिशेला आहे आणि एलएनबी काहीतरी करतोय.

वीज वर येते, केबल स्वच्छ, समोर काही नाही, तरी पट्टी शून्य किंवा चॅनलचा एक गठ्ठा गायब. आता खुशाल एलएनबी बदला.

बदलताना

एमजी रोडवर गेलात तर दुकानदार पहिला प्रश्न विचारेल, कुठल्या छत्रीला? जुना एलएनबी सोबत न्या, किंवा त्याच्या लेबलचा फोटो. साध्या फ्री डिशला ९.७५/१०.६ लिहिलेला, एका आउटपुटचा युनिव्हर्सल चालतो. मला मागच्या वेळी दोनशेच्या आसपास पडला. दोन टीव्ही असतील तर दोन आउटपुटचा घ्या. एकाच आउटपुटवर स्प्लिटर लावून दोन बॉक्स चालवायला गेलात तर एक १३ मागतो, दुसरा १८, आणि घरात भांडणं. जाळीची मोठी सहा-आठ फुटी छत्री असेल तर तिचा सी-बँडचा एलएनबी वेगळा, त्याचा आकडा ५१५०. हा तिथे बसणार नाही. लेबलवर एलएनबीच्या स्वतःच्या खरखरीचा आकडा म्हणून ०.१ डीबी, ०.२ डीबी असं काहीही लिहिलेलं असतं, त्याच्यावर जास्त पैसे घालवू नका.

जुना काढण्याआधी मार्कर हातात घ्या. हे मी फार महाग शिकलो. पहिल्यांदा सासऱ्यांच्या छत्रीचा एलएनबी मी सरळ क्लॅम्प सोडून हातात घेतला, नवा बसवला, आणि मे महिन्याच्या दुपारी दोन तास पत्र्यावर भाजून निघालो. दोन खुणा लागतात. एक, एलएनबीची मान क्लॅम्पमध्ये किती आत गेली आहे. सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरने फरक पडतो, कारण छत्री लहरी एका ठरावीक जागीच गोळा करते. दोन, तो किती फिरवलेला आहे. तो सरळ उभा नसतो, एका बाजूला कललेला असतो. उपग्रह आपल्या पूर्वेला वीसेक अंश बाजूला आहे, त्यामुळे त्याची उभी लहर आपल्याकडे तिरकी पोचते. एलएनबीलाही तेवढंच तिरकं व्हावं लागतं. क्लॅम्पवर आणि मानेवर मिळून एक आडवी रेघ मारा, आणि फोनवर समोरून, बाजूने फोटो काढून ठेवा.

बॉक्सचा प्लग काढला? मग क्लॅम्पचे दोन स्क्रू सोडा. दांडी दुसऱ्या हाताने धरून ठेवा, पाना फिरवताना झटका छत्रीला लागू देऊ नका. गंजलेल्या स्क्रूवर आदल्या संध्याकाळी थोडं तेल सोडून ठेवलं तर काम सोपं जातं. नवा एलएनबी जुन्याच्याच खोलीवर आणि तिरकेपणावर बसवा, स्क्रू फक्त पकडीपुरते आवळा, पिन लावा, बॉक्स चालू करा.

आता खाली कोणीतरी हवं. गच्चीवरून ओरडण्यापेक्षा व्हिडिओ कॉल करा आणि फोन टीव्हीसमोर धरायला सांगा. मावशीच्या बाबतीत तेही जमलं नाही.

“मावशी, आता क्वालिटी किती दिसतेय?”

“अरे, लाल होती, आता पिवळी झाली. थांब, पुन्हा लाल.”

“मी हात काढला म्हणून. आता?”

“आता हिरवी! हलू नकोस बाबा!”

फिरवायचं ते एलएनबीला, अगदी घड्याळाच्या काट्यासारखं थोडं-थोडं, आणि प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद थांबून. बॉक्सची पट्टी लगेच बदलत नाही. पुढचं फिरवलं आणि मागचं दिसलं असं होतं, आणि माणूस वैतागतो. सर्वांत जास्त क्वालिटी कुठे येते ते सापडलं की स्क्रू थोडे-थोडे, आलटून पालटून आवळा. आवळताना पट्टीवर लक्ष असू द्या, शेवटच्या पिळाला तो सरकतो.

पिनेवर एलएनबीसोबत येणारी रबरी टोपी चढवा. केबल पिनेकडे जाण्याआधी खाली एक झोल येऊ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी त्या झोलाच्या तळाशी टपकेल, पिनेत जाणार नाही. आपल्याकडे एलएनबीवर दुधाची पिशवी बांधायची फार हौस. ती बांधू नका. पिशवीत आतून दव साठतं, आणि पुढच्या टोपीला ओलं प्लास्टिक चिकटलं की सिग्नल पडतो. फारच वाटलं तर मागच्या भागावर अर्धी कापलेली बाटली उपडी घाला, पुढची टोपी मोकळी ठेवा.

इथे थांबा

छत्री उतरत्या पत्र्यावर असेल, कठडा नसलेल्या स्लॅबच्या कडेला असेल किंवा चौथ्या मजल्याच्या ग्रिलबाहेर लोंबत असेल, तर वर लिहिलेलं सगळं विसरा आणि पट्टा बांधून काम करणारा माणूस बोलवा. विजेच्या तारा दांडीपासून हात-दोन हात अंतरावर असतील तरीही तेच. गच्चीवर एकटं चढू नका. पावसात, ओल्या शेवाळावर आणि ढग गडगडत असताना तर नाहीच. क्रिकेटची मॅच राहिली तरी चालेल.

नवा एलएनबी लावून, मल्टिमीटरवर व्होल्ट बरोबर येऊनही क्वालिटी अर्ध्या तासात शून्यावरून हलली नाही, तर छत्री हललेली आहे. उपग्रह शोधायचं फाइंडर मीटर असलेला मेकॅनिक ते वीस मिनिटांत करतो. आपण दिवस घालवू नये. त्याला फक्त एवढं सांगा की एलएनबी नवा आहे, केबल अखंड आहे आणि वर १३ व्होल्ट येतात. हे ऐकल्यावर तो पुन्हा एलएनबी विकायला जात नाही. मासिक पैसे भरता त्या कंपनीची छत्री असेल आणि बॉक्स शॉर्टचा संदेश पिन काढल्यावरही दाखवत असेल, तर बॉक्सच गेलाय, तो उघडू नका, कंपनीला फोन करा.

आणि वर आहातच, तर नव्या एलएनबीच्या पोटाला, जिथे ऊन लागत नाही तिथे, मार्करने तारीख लिहा. मावशीच्या छत्रीवर सध्या ‘जून २०२१’ आहे.